कोपऱ्यावरचे चार दात

"टेबल चोरीला गेलेलं नाही," समोर बसलेली मुलगी म्हणाली. "घरातच आहे. फक्त ते मी निवडलेलं नाही."

भावजींनी वहीत तारीख घातली होती, खाली 'टेबल' एवढं लिहिलं होतं. पुढे काय लिहावं ते न सुचून त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

वहिनी म्हणजे त्यांची थोरली भावजय. विमा कंपनीत तीस वर्षं खोटे दावे हुडकण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर इस्त्रीवाल्याच्या दुकानावरची ही एक खोली भाड्याने घेऊन खासगी तपासाचं काम सुरू केलं. भावजी नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झालेले. खिशात कायम मोजायची टेप आणि टोकदार पेन्सिल. जे मोजता येतं ते खरं, अशी त्यांची श्रद्धा. त्यांना सोबत का नेता, असं कोणी विचारलं की वहिनी सांगायच्या, "सगळ्या जगाला जे वाटणार असतं ते भावजींना आधी वाटतं. तेवढं सोडून मी उरलेलं बघते."

मुलगी तिशीच्या आतली होती. एका कानात कुडी, दुसरा कान मोकळा. लहान मूल ओढत असणार. खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग. फोन तिने समोर उताणा ठेवला होता आणि दर मिनिटाला त्याच्याकडे बघत होती. सव्वा वर्षाच्या लेकीला, छकुलीला, नवऱ्याकडे तासभर सोपवून ती आली होती.

वहिनींनी तिला पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

बैठकीच्या खोलीसाठी एक जुनं, बुटकं कॉफी टेबल हवं म्हणून ती दोन महिने हिंडत होती. काचेचं नको, छकुली आपटेल. फार उंच नको. आणि जुन्या बाजारात बुटकी म्हणून मिळतात त्यांतली निम्मी मुळात जेवणाची टेबलं असतात, पाय कापून बसकी केलेली. पायाच्या तळाला ताजं लाकूड दिसलं की ओळखायचं, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. शेवटी गेल्या शनिवारी एका जुन्या फर्निचरच्या दुकानात मनासारखं सापडलं. शिसवी, कातीव पायांचं, मूळचंच बुटकं. एका बाजूला खण, त्याला पितळी कडी.

"कोपरे टोकदार होते म्हणून मी खणाच्या डावीकडच्या कोपऱ्यावर हात धरून बसले होते," ती म्हणाली. "हिचं कपाळ बरोबर तिथे येतं. माझी बोटं जरा बाजूला झाली आणि हिने कोपराच चावला. दोन वरचे, दोन खालचे. चार दात स्पष्ट उमटले. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. दुकानदाराला सांगायचं धाडसच झालं नाही. लगेच पैसे भरले आणि निघालो."

बुधवारी टेबल घरी आलं. तेच लाकूड, तीच कडी, ताज्या पॉलिशचा वास. कोपऱ्यावर दात नव्हते.

"पॉलिशमध्ये गेले असतील," भावजी म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. गेल्या महिन्यात तिने दूध गॅसवर ठेवलं आणि पातेलं जळून काळं झालं. नंतर एकदा किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं. आता तिसरं हे टेबल. नवरा वाईट नाही, घाबरलाय. त्याने आपल्या बहिणीशी बोलून ठेवलंय: छकुलीला दोन महिने आत्याकडे न्यायचं, म्हणजे हिला विश्रांती. रविवारी सकाळी गाडी येणार.

आज शुक्रवार होता.

"आणि टेबल खरंच तेच निघालं तर?" वहिनींनी विचारलं.

मुलीने फोन पालथा घातला. "तर तिची बॅग मीच भरेन. माझ्या डोळ्यांचा मलाच भरवसा नसेल तर तिला माझ्याजवळ ठेवायचं कोणत्या तोंडाने?"

*

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीत वाळत घातलेले चिमुकले मोजे, सोफ्यावर गाद्यांचा कोट, आणि मधोमध ते टेबल. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या गुंडाळ्या चिकटपट्टीने बसवलेल्या. त्या नवऱ्याने बसवल्या होत्या, रात्रीत, कोणी न सांगता. भावजी वाटेत जो संशय घोळवत आले होते (नवराच बायकोला वेडं ठरवू बघतोय) तो त्या गुंडाळ्या पाहून जरा ओशाळला.

त्यांनी टेप काढली. लांबी, रुंदी, उंची. पावतीवर दुकानदाराने लिहिलेल्या मापांशी पाव इंचाचाही फरक नाही. नवऱ्याच्या फोनमध्ये दुकानात काढलेला एक फोटो होता, छकुलीने चावण्याच्या आधीचा. कडी तीच, पायांची वळणं तीच.

"वहिनी, टेप खोटं बोलत नाही," भावजी हळूच म्हणाले.

"ती बोलतच नाही," वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच बोलता."

त्यांनी खणाच्या डावीकडची गुंडाळी सोडून कोपरा बोटाने चाचपला, मग खाली हात घालून टेबलाची खालची बाजू. हात बाहेर आला तो काळाकुट्ट, बोटांना कोळिष्टकाचा धागा. मुलगी लगबगीने ओलं फडकं घेऊन आली. वहिनींनी हात पुसून फडकं तिला परत दिलं.

छकुली टेबलावर चमचा बडवत होती. टेबलाखाली तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"ही टेबलाखाली जात नाही का?" वहिनींनी विचारलं.

"इथे नाही," आई म्हणाली. "दुकानात मात्र खालून निघेचना. उताणी पडली होती, वर बोट करून हसत, म्यांव म्यांव करत. पाय धरून ओढावी लागली."

नवऱ्याने अवघडून घसा साफ केला. वहिनींना त्याने स्वयंपाकघराच्या दारापाशी नेलं, पण आवाज काही पुरेसा लहान झाला नाही. बघा, म्हणे, हेच ते. हिला दुकानात मांजर दिसलं. मी दुकानदाराला फोन करून विचारलं, त्याच्याकडे मांजर कधी नव्हतंच.

"मी मांजर दिसलं म्हटलंच नव्हतं," बैठकीतून आवाज आला. "छकुली म्यांव म्हणत होती, एवढंच म्हटलं होतं."

नवरा खाली बघत राहिला. त्याच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

*

जुन्या फर्निचरचं दुकान लांबट आणि अंधारं होतं. खुर्च्यांवर खुर्च्या, आरशांसमोर आरसे. काउंटरवर पाटी: 'विकलेला माल परत घेतला जात नाही.' पाटीशेजारी काचेच्या चौकटीत एक पिवळं पडलेलं पत्र.

दुकानदार गोल, गुळगुळीत आणि बोलका माणूस होता. वहिनींची नजर पत्राकडे गेलेली पाहून तो खुललाच. एका लिहायच्या टेबलाच्या चोरखणात सापडलं, म्हणाला. कुणा बायकोने नवऱ्याला लिहिलेलं, माफी मागणारं. ते टेबल त्याने पत्राच्या जोरावर दुप्पट भावाला विकलं आणि पत्र मात्र ठेवून घेतलं. गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो. त्याने चार ओळी तिथल्या तिथे, आवाजात कंप आणून वाचूनही दाखवल्या.

मागच्या दारातून एक म्हातारा माणूस डबा घेऊन येत होता. वाचन सुरू झालेलं ऐकून तो तिथूनच मागे फिरला.

"वस्तूला गोष्ट लागते, बाई," दुकानदार म्हणाला. "नुसतं लाकूड कोण घेतं?"

वहिनींनी बुटक्या टेबलाची गोष्ट विचारली. ती फारशी नव्हती. टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मोठं घर सोडून लहान घर घेतलं, तेव्हा बरंच सामान विकलं. त्यात हे. खरं तर जोडी होती, हुबेहूब. दोन्ही मिळाली असती तर सोनं झालं असतं. पण बाईंनी एकच दिलं, दुसरं काही केल्या सोडलं नाही. आणि मांजर? मांजराला तो दुकानाच्या पायरीवरही चढू देत नाही. एका दुपारी सोफ्याचं वाटोळं करतात.

शनिवारी संध्याकाळी टेबल मागच्या कारखान्यात पॉलिशला गेलं. रविवारी दुकान बंद. बुधवारी सकाळी टेंपोत चढलं. कारखान्याची किल्ली दोघांकडेच, त्याच्याकडे आणि पॉलिशवाल्याकडे. सामान आणायला घरोघरही पॉलिशवालाच जातो. पाय गोधडीत गुंडाळल्याशिवाय तो एक वस्तू हलवू देत नाही.

बाहेर येताच भावजी कुजबुजले, "याचं काम. मूळचं टेबल जास्त भावाने दुसऱ्या कोणाला विकलं असणार."

"आणि हुबेहूब दुसरं फुकटात आकाशातून पडलं?" वहिनींनी विचारलं.

भावजींनी वहीतली ओळ खोडली.

*

कारखाना म्हणजे दुकानामागची एक पत्र्याची शेड. मघाचा डबेवाला म्हातारा हाच पॉलिशवाला. बोटांची टोकं लाखेने तपकिरी झालेली, इतकी की ती आता धुऊन निघणारी नव्हती. समोर ओट्यावर एक खुर्ची पालथी, पाय वर करून ठेवलेली. तिच्या बुडावरून तो ओलं फडकं फिरवत होता.

"उलटी का?" भावजींनी सहज विचारलं.

"सुरुवात बुडापासून," तो म्हणाला. "आधी खालची बाजू धुवायची, मग पाय, सगळ्यात शेवटी माथा. वरचं चकचकीत करून खालची धूळ तशीच ठेवली तर तीच ओल्या पॉलिशवर येऊन बसते. चाळीस वर्षांत उलटं केलं नाही. म्हणजे, उलटंच केलं."

भावजींना तो माणूस आवडला.

वहिनींनी चार दातांचा विषय काढला. पॉलिशवाला जरा थांबला. मग म्हणाला, होत्या खुणा, बारीकशा. नुसतं दबलेलं लाकूड पुन्हा वर आणता येतं. ओलं फडकं ठेवायचं, वरून गरम इस्त्री. वाफ आत गेली की लाकूड फुगतं, खूण नाहीशी होते. शेजारी एक लांब टेबल होतं. त्याच्या लांब कडेच्या मधोमध तळहात फिरवून त्याने दाखवलं, "अशी इथे होती. घालवून टाकली." हात फार मायेने फिरत होता.

"आणि टेबलाखाली काय होतं?" वहिनींनी विचारलं.

त्याने पालथ्या खुर्चीकडे पाहिलं. "काय असणार? लाकूड."

रस्त्यावर येईपर्यंत भावजींना धीर निघाला नाही. सुटलं की, म्हणाले. दात होते, पोरीने खरंच पाहिले होते. ते वाफेने गेले. टेबल तेच. पोरीचे डोळे ठीक, फक्त निष्कर्ष चुकला. सगळे सुखी.

"आणि रविवारी गाडी येणार," वहिनी म्हणाल्या.

 तेवढं भावजींच्या लक्षात आलं नव्हतं.

*

टेलिफोन कचेरीतल्या बाई तळमजल्यावर राहत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पण आवाज अजून असा की कोणीही नंबर सांगून मोकळं व्हावं. दार उघडायला त्यांना वेळ लागला; दोन्ही गुडघे गेलेले. खाली वाकणं तर दहा वर्षांपूर्वीच सुटलं, असं त्या हसत म्हणाल्या. जमिनीवर काही पडलं की ते जमिनीचं झालं.

भिंतीवर एका तरुणीचा फोटो होता, कडेवर तान्हं बाळ. ती मुलगी आणि ती नात. लांब असतात, पण दर रविवारी फोन येतो.

सोफ्यासमोर एक बुटकी वस्तू होती. तिच्यावर घातलेली चादर चारही बाजूंनी जमिनीला टेकत होती. वहिनींनी जोडीतल्या दुसऱ्या टेबलाबद्दल विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की ते भाचीला देऊन टाकलं. कधी? झाले चार दिवस.

भावजींचा हात आपोआप टेपकडे गेला. चादर उचलायला ते पुढे झालेच होते.

"भावजी, राहू द्या," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर जाऊन रिक्षा थांबवा.

रिक्षा लगेच मिळाली. वहिनी यायला पंधरा मिनिटं लागली. रिक्षावाला वैतागला, भावजी त्याहून जास्त.

*

शनिवारी दुपारी तीन वाजता तिसऱ्या मजल्यावर सगळे जमले. दुकानदाराला वहिनींनी बोलावलं नव्हतं. पॉलिशवाला मात्र होता, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेला, स्वच्छ शर्टात. दाराशी एक छोटी बॅग अर्धी भरलेली होती. तिच्यातून बाहुलीचा एक पाय बाहेर आला होता.

वहिनींनी बॅगेकडे पाहिलं आणि वेळ घालवला नाही.

"जरा टेबलाखाली हात घाला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

त्याने घातला. काळा हात बघून तो गोंधळला.

"हे टेबल चार दिवस पॉलिशवाल्याकडे होतं, असं आपण समजतो," वहिनी म्हणाल्या. "हा माणूस चाळीस वर्षं आधी बूड धुतो, मग माथ्याला हात लावतो. काल आमच्यासमोर खुर्चीचं बूडच धूत होता. मग या टेबलाच्या बुडाला वर्षानुवर्षांची धूळ आणि वर ताजं पॉलिश कसं? यांनी सवयीप्रमाणे ज्याचं बूड धुवायला घेतलं ते टेबल वेगळं. हे त्यांच्या हातात उशिरा आलं, बहुधा मंगळवारी. बुधवारी पोचवायचं म्हणून घाईघाईत नुसता वरून हात मारला. चाळीस वर्षांची सवय उगाच मोडत नाही."

पॉलिशवाल्याने मान खाली घातली.

"पण दातांच्या खुणा त्याने पाहिल्या होत्या," भावजी म्हणाले. "वाफेने घालवल्या."

"कुठे होत्या म्हणाले ते आठवा. हात कुठे फिरवला?"

भावजींनी डोळे मिटले. मायेने फिरणारा हात त्यांना दिसला. "कडेच्या मधोमध," ते सावकाश म्हणाले. "आणि ही म्हणाली होती, कोपऱ्यावर."

"खुणा कुठे, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी त्या पाहिल्याच नव्हत्या. टेबल आल्याबरोबर पालथं घातलं. माथ्याकडे बघायची वेळच आली नाही. बुडातच काहीतरी दिसलं आणि ते थांबले."

आता छकुलीच्या आईने मान वर केली.

"हिने दोन गोष्टी सांगितल्या होत्या," वहिनी तिच्याकडे हात करून म्हणाल्या. "दात आपण सगळ्यांनी ऐकले. दुसरी गोष्ट तिच्याविरुद्ध वापरली. दुकानात मांजर नव्हतं, बरोबर. पण लहान मूल उताणं पडून वर बोट दाखवून म्यांव म्हणतं, तेव्हा मांजर वर असतं. टेबलाच्या बुडाला. या टेबलाखाली मांजर नाही, म्हणून ही इथे खाली जात नाही. दुकानातलं टेबल आणि हे टेबल वेगळं आहे, याची साक्ष पहिल्या दिवसापासून घरात रांगत होती."

छकुलीने आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे ओळखून चमचा आपटला.

"हुबेहूब दुसरं टेबल एकाच घरातून मिळू शकतं, जिथून पहिलं आलं. जोडीतलं दुसरं. त्या घराचा पत्ता यांना माहीत. सामान आणायला हेच गेले होते. आता प्रश्न एवढाच की का? मालकाला सांगून अदलाबदल का नाही केली?" वहिनी पॉलिशवाल्याकडे वळल्या. "काल तुम्ही डबा घेऊन आत येत होता. मालक ते चौकटीतलं पत्र वाचायला लागले आणि तुम्ही परत फिरलात. नंतर शेडमध्ये तुम्हाला पाहिल्यावर मला ते उमगलं. मांजराशेजारी अक्षरं होती ना?"

पॉलिशवाल्याने आपली तपकिरी बोटं मांडीवर पुसली.

"दोन ओळी वाचल्या फक्त," पॉलिशवाला म्हणाला. "हातात ओलं फडकं होतं. एक हात फिरवला असता तर सगळं साफ. जमलं नाही. आणि मालकाच्या नजरेला पडलं असतं तर त्यांनी गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं असतं. कोणाच्या घरातलं ते. रविवारी बाईंना जाऊन विचारलं. त्यांना धक्काच बसला. चुकीचं टेबल गेलं होतं." तो छकुलीच्या आईकडे वळला. "मला वाटलं, माप तेच, लाकूड तेच, कोणाचं काय जातंय. तुमच्यावर हे येईल असं ध्यानीमनी नव्हतं, ताई."

घंटा वाजली.

दारात टेलिफोनबाई होत्या, एका हाताने कठडा धरून. तीन मजले त्या चढून आल्या होत्या. किती वेळ लागला ते त्यांनी सांगितलं नाही. मागे टेंपोवाला आणि इमारतीचा रखवालदार, दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेलं टेबल.

चादर निघाली. दोन टेबलं शेजारीशेजारी उभी राहिली. भावजींनी सवयीने टेप काढली, लांबी घेतली, रुंदी घेतली, पाव इंचाचा फरक नाही. मग त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. खणाच्या डावीकडच्या कोपऱ्यावर दोन वरचे, दोन खालचे असे चार चिमुकले दात उमटलेले होते.

आईने त्यांच्यावरून अंगठा फिरवला. ती रडली नाही. खाली बसून तिने ते पुन्हा मोजले.

"दोन्ही टेबलं चाळीस वर्षं माझ्याकडे," टेलिफोनबाई सोफ्यावर टेकत म्हणाल्या. "हे खिडकीपाशी, ते भिंतीपाशी. रंगकाम झालं तेव्हा माणसांनी इकडचं तिकडे ठेवलं. विकताना मी जागेवरून ओळखलं. खाली वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. पण वाकणं..." त्यांनी गुडघ्यावर थाप मारली.

छकुली तोवर आत्ता आलेल्या टेबलाखाली शिरली होती. उताणी पडली, पाय झाडले, बोट वर केलं.

"म्यांव," ती म्हणाली, एकदम समाधानाने.

नवरा गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला आणि लेकीशेजारी सरकला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले.

"मोठ्याने वाच," टेलिफोनबाई म्हणाल्या. "हिच्यासाठी चालेल. दुकानात नको होतं."

तो थांबत थांबत वाचू लागला. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती.

'आज ती झोपली नाही. मीही नाही. सकाळी कचेरीत चुकीचे नंबर जोडले.

'सगळे म्हणतात मी विसरते. मी काही विसरत नाही. मला तिचा प्रत्येक श्वास आठवतो, त्यात बाकीचं राहून जातं.

'इथे खाली आम्हा दोघींना कोणी बघत नाही. बरं वाटतं.

'तिने आज चित्राकडे बघून म्यांव म्हटलं. मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी.'

शेवटच्या ओळीनंतर तो खालून बाहेर सरकला. वर आला तेव्हा त्याच्या केसांना धूळ नव्हती. हे बूड धुतलेलं नसलं तरी अक्षरांभोवतीची धूळ कोणीतरी कोरड्या फडक्याने हलकेच टिपून घेतली होती.  तो दाराशी गेला, बॅगेतून बाहुली काढली, छोटे कपडे काढले, आणि ते कपाटात ठेवायला आत निघून गेला. आतून त्याचा आवाज आला. तो बहिणीशी फोनवर बोलत होता. उद्या गाडी आणू नकोस, म्हणत होता. आणायचीच असली तर तू चार दिवस राहायला ये, आम्हा दोघांनाही झोप हवी आहे.

"दूध गॅसवर विसरणं याला झोप न झाल्याचं लक्षण म्हणतात," वहिनी त्या दाराच्या दिशेने, ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "वेड नाही म्हणत."

मग प्रश्न उरला टेबलाचा. टेलिफोनबाईंचं म्हणणं सरळ होतं: पैसे हिने याचे भरलेत, निवडलं हिने, ठेवावंही हिनेच. आता वाचून झालंच आहे.

मुलीने दोन्हींकडे पाहिलं. दोन महिने हिंडून निवडलेलं एक, आणि चुकून आलेलं दुसरं.

"नाही, मावशी. हे पत्र तुमचं आहे," ती म्हणाली. "मला कोरं चालेल."

"मग मी आपली कोपऱ्यावरची खूण घालवून देतो तुम्हाला," पॉलिशवाला बाईंना म्हणाला. आता त्याला काहीतरी करायचंच होतं.

"हात लावायचा नाही," टेलिफोनबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीला दात उशिरा आले. तेवढीच खूण उमटायची राहिली होती." आणि मुलीला म्हणाल्या, "रविवारी हिला घेऊन येत जा. मला खाली जाता येत नाही. मांजराला कोणीतरी भेटायला हवं."

टेंपो परत गेला. बाईंना भावजींनी एकेक पायरी धरून खाली उतरवलं. वर येऊन ते वहिनींना घ्यायला दारात उभे राहिले, तर पॉलिशवाला उरलेलं टेबल पालथं घालून बूड धूत होता. सवयीप्रमाणे. पाणी काळं होत होतं.

वाळल्यावर टेबल सुलटं झालं आणि छकुलीची आई आडवी होऊन त्याच्याखाली सरकली. छकुली लगेच मागोमाग. आतून हात बाहेर आला.

"काका, पेन्सिल आहे का?"

भावजींनी खिशातली पेन्सिल दिली. ते वाकून बघत राहिले. स्वच्छ लाकडावर रेघ उमटली, गोल झाला, दोन कान, मिश्या. नकाशांच्या कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला ते पाहवेना. प्रमाण पार बिघडलं होतं. मांजर कमी आणि बकरी जास्त वाटत होती. ते दुरुस्ती सुचवणार, तेवढ्यात वहिनींनी त्यांची बाही ओढली.

आतून छकुलीने निकाल दिला. "म्यांव."

रिक्षात बसल्यावर भावजींनी सवयीने प्रकरण वहीत पुरं करायला घेतलं आणि खिसा चाचपला.

"पेन्सिल राहिली की," ते म्हणाले.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "तिला अजून बरंच लिहायचं असेल."